महानंदा बाईंचा झेब्रा

भालकीहून सकाळी सुटणाऱ्या अब्दुलभाईंच्या जीपमध्ये आम्ही रोजची चार माणसं. स्वतः अब्दुलभाई, कारण जीप त्यांची. मागच्या सीटवर खेळाचे शिक्षक मठपती सर आणि मी. आणि पुढे खिडकीशी, डब्याची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलेल्या महानंदा बाई. आमची मराठी शाळा हलबर्ग्याच्या पुढे, मोठा रस्ता सोडून आत. बस तिथवर यायला तयार नाही, म्हणून जीप.

मी नोकरीला लागले त्या पहिल्याच सकाळी मला बाईंची ओळख झाली, आणि तीही त्यांनी तोंड माझ्याकडे न वळवता. मठपती सरांना हेडसरांचा फोन आला. "कुठं हाव सर?" सर अगदी शांतपणे म्हणाले, "गेटातच हाय की सर, आत शिरायलाव." हे ऐकल्याबरोबर बाई मागे वळल्या, फोनजवळ तोंड नेलं आणि वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "न्हाई हो हेडसर, आत्ताशी हलबर्ग्याचा फाटा आलाय. मागचं टायर बी जरा बसल्यावानी वाटायलंय. टाइम लागंल."

फोन बंद झाल्यावर मठपती सर कळवळून म्हणाले, "कामून सांगितलाव बाई?"

"इचारले की त्यांनी, कुठं हाव म्हणून."

बाईंच्या लेखी विषय संपला होता. माणूस विचारतो म्हणजे त्याला ते हवंच असतं, अशी त्यांची ठाम समजूत होती. लग्नाच्या पंगतीत यजमान अदबीनं विचारायचे, "बाई, शिरा कसा झालाय?" बाई घास गिळून, नीट विचार करून सांगायच्या, "साखर भरपूर घातलाव. रवा तेवढा भाजायचा राहिलाय." शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी वर्गाबाहेर पडताना सहज म्हटलं, "बाकी सगळं ठीक ना?" तर बाईंनी त्यांना हाताला धरल्यासारखं मुलींच्या संडासापर्यंत नेलं आणि दाराला कडी नाही हे दाखवलं. वर स्वतःचंही सांगून टाकलं, की आजचा भूगोलाचा धडा घरून वाचून आले नव्हते, म्हणून तसाच झाला. साहेबांनी आयुष्यात असा कबुलीजबाब ऐकला नसावा. ते पाणी प्यायला बसले.

पोरांच्या भांडणात त्यांचा एकच प्रश्न असायचा. कुणी रडत आलं, "बाई, हिनं माझी पेन्शिल घेतली," की बाई चष्म्यावरून बघत विचारायच्या, "बघितलीस का ऐकलीस?" ऐकलेलं असलं की खटला तिथंच निकालात. घरची शिकवण तशीच होती म्हणायच्या. "आमचे अप्पा सांगायचे, बसवण्णाच्या घरात खोटं बोलायचं न्हाई. आन् दुसऱ्याचं ऐकून तर बिल्कुल बोलायचं न्हाई." अप्पा म्हणजे त्यांचे वडील. कमठाण्याला थोडी शेती होती, आणि हातात रंगाची कला. दुकानांच्या पाट्या, देवळाची दारं, सणाला बैलांची शिंगं, सगळं अप्पाच रंगवायचे. अप्पा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण बाईंच्या बोलण्यात ते असे यायचे, जसे आत्ताच चहा पिऊन शेताकडे गेलेत.

आता त्या खेळाबद्दल सांगते. मठपती सरांना जीपमध्ये गायची सवय होती. गळा बरा असता तर काही म्हणणं नव्हतं. शेवटी अब्दुलभाईच एकदा हात जोडून बाईंना म्हणाले, "बाई, इनका गाना बंद होने का कुछ तो करो. गाडी रस्ता छोडको जाती मेरी." बाईंनी उपाय काढला. मुलं खेळतात तो नाव-गाव-प्राण्याचा खेळ. बाईंनी मनातल्या मनात क, ख, ग म्हणत राहायचं, अब्दुलभाईंनी म्हशीला नाहीतर ट्रॅक्टरला हॉर्न मारला की थांबायचं. जे अक्षर आलं असेल त्याच्यावरून एक नाव, एक गाव आणि एक प्राणी.

नावं-गावं सुरळीत चालली. प्राण्यांत मठपती सरांनी घोळ घातला. म आला की म्हैस, ब आला की बकरी, ग आला की गाय. सरांची सगळी जनावरं गोठ्यातली. आणि ठ आला तेव्हा गडी म्हणाला, "ठिपक्यावालं अस्वल."

"असं अस्वल असतंय?"

"असंल की कुठं तरी बाई. जग केवढं हाय."

त्या दिवशी बाईंनी कायदा केला. "आजपासून जनावर पिंजऱ्यातलं पायजे. प्राणिसंग्रहालयात ठेवतात तसलं. आन् सांगणाऱ्यानं ते सोताच्या डोळ्यानं बघितलेलं पायजे. टीव्हीतलं चालायचं न्हाई, पुस्तकातलं चालायचं न्हाई."

"एवढं कडक कामून?"

"न्हाईतर तुमी रिटायर होईपर्यंत म्हैसच म्हणणार."

अब्दुलभाईंना उर्दू नावं माफ होती, कारण स्टीअरिंग त्यांच्या हातात होतं. आम्हा दोघांना काहीच माफ नव्हतं. मठपती सर बायकोमुलांना घेऊन कलबुर्गीचं प्राणिसंग्रहालय बघून आले आणि स आल्याबरोबर मोठ्या ऐटीत म्हणाले, "साळिंदर!"

बाईंनी उलटतपासणी सुरू केली. "तोंड कसं हाय त्याचं?"

"तोंड... तोंड आत होतं. झोपलं होतं ते. काटे दिसायले होते की बाहेर."

"मग तुमी काटे बघितलाव. साळिंदर न्हाई बघितलाव."

सर बिचारे पुढच्या सुट्टीला पुन्हा कलबुर्गीला गेले. पोरं झाडाखाली झोपून गेली, बायको घरी चला म्हणून मागे लागली, पण सर त्या पिंजऱ्यासमोरून हलले नाहीत. ऊन उतरल्यावर साळिंदरानं एकदाचं तोंड दाखवलं. सोमवारी बाईंनी पुन्हा सगळं विचारून घेतलं आणि साळिंदर मंजूर केलं. सरांची बायको मात्र बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हती.

आणि मग कधी तरी झ यायचा. झ आला की आम्ही दोघं हात टेकायचो. बाई पाठ ताठ करायच्या, पदर सारखा करायच्या आणि म्हणायच्या, "झेब्रा."

त्यांनी तो लहानपणी बघितला होता. कमठाण्याजवळच्या जत्रेत एक तंबूवाला पिंजरे घेऊन आला होता. एक म्हातारा सिंह, एक अजगर, दोन माकडं आणि झेब्रा. अप्पांनी त्यांना खांद्यावर बसवून नेलं होतं. बाई हे सांगायला लागल्या की त्यांचा आवाज बदलायचा. वर्गातला आवाज जायचा आणि खांद्यावर बसलेल्या पोरीचा यायचा. "लई गर्दी होती बघ सुजाता. पण अप्पा म्हणले, माझ्या पोरीला बघू द्या. आन् लोक बाजूला झाले."

इथपर्यंत सगळं छान होतं. पंचाईत पुढची होती. बाईंचं म्हणणं, झेब्र्याला पट्टे एकाच अंगाला असतात. दुसरं अंग पांढरंस्वच्छ.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं त्या चेष्टा करतायत. पण बाईंना चेष्टा करता येत नसे. मठपती सर म्हणाले, "बाई, टीव्हीत तर दोन्हीकडं दिसतात की."

"टीव्हीत एका टायमाला एकच बाजू दिसते. मी तंबूच्या मागं जाऊन कनातीच्या फटीतून बघितले. मागची बाजू पांढरी होती."

"पण पुस्तकातल्या चित्रात कुणाच्या डाव्या अंगाला हायत, कुणाच्या उजव्या..."

"असतात तसे. माणसात डावखुरे न्हाईत का?"

बाई हे नुसतं आम्हाला सांगत नव्हत्या. वर्षानुवर्षं वर्गात शिकवत आल्या होत्या. आसपासच्या चार गावांतली निम्मी शहाणी माणसं झेब्र्याला एका अंगाचे पट्टे असतात असं मानून संसार करत होती. मी मोबाइलवर झेब्र्याचा फोटो शोधून दाखवला तर म्हणाल्या, "फोटोचं काय, आमच्या पोराच्या लग्नाच्या फोटोत मी गोरी दिसायलेय."

शेवटी मठपती सरच इरेला पेटले. साळिंदराचं दुःख त्यांच्या मनात होतंच. "चला बाई हैदराबादला. तिथल्या प्राणिसंग्रहालयात झेब्रा हाय. दोन्ही अंगाला पट्टे निघाले तर तुमी वर्गात उभं राहून सांगायचं, मी चुकले म्हणून. एकाच अंगाला निघाले तर मी जन्मात गाणं म्हणणार न्हाई."

"मंजूर," बाईंच्या आधी अब्दुलभाईच म्हणाले.

एका रविवारी आम्ही चौघं गेलो. बाईंनी धपाटे, शेंगाची चटणी आणि दह्याचा डबा असा सरंजाम घेतला होता. रस्ताभर मजेत होत्या. सिंहासमोर थांबल्या, पाणघोड्याला बघून "ह्याला अंघोळ कोण घालतंय" म्हणाल्या, जिराफ बघितल्यावर तर "चला, ज पक्का झाला," म्हणून लहान मुलीसारख्या खूश झाल्या.

झेब्रा लांब, झाडाच्या सावलीत उभा होता. डावी बाजू आमच्याकडे. बाईंनी आमच्याकडे विजयी नजरेनं बघितलं. मग त्यानं शेपटी हलवली, माशी उडवली आणि सावकाश वळला. उजव्या अंगालाही तसेच पट्टे. पायांवर पट्टे, तोंडावर पट्टे, कानापर्यंत पट्टे. एवढा सावकाश वळला, की आता ह्यात शंकेला जागा राहू नये अशी त्याची इच्छा असावी.

मठपती सरांनी हात वर केले होते, ते तसेच खाली घेतले. कारण बाई वाद घालत नव्हत्या. दोन्ही हातांनी कठड्याची सळई धरून उभ्या होत्या.

"त्याचे कान लांब होते," त्या हळूच म्हणाल्या. "आयाळ बी खाली पडलेली होती. अशी उभी न्हवती." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सुजाता, ते गाढव होतं गं."

कुणी हसलं नाही. अब्दुलभाईंनी समजूत घातली, "जाने दो बाई, तंबूवाले सब चोट्टे रहते."

"तंबूवाल्याचं मला काय घेणं हाय? अप्पाला गाढव वळखू येत न्हवतं व्हय? शेतकरी माणूस. रोज बघायचे ते. बघून बी मला झेब्रा म्हणले. अप्पा माझ्याशी खोटं बोलले."

मला तेव्हा सरांचा राग आला, माझा राग आला, त्या झेब्र्याचाही राग आला. चुकीच्या पट्ट्यांनी कुणाचं काय बिघडलं होतं? बाईंनी सगळं आयुष्य ज्या माणसाच्या शब्दावर उभं केलं होतं, तो माणूस आम्ही हौसेनं, धपाटे खात, त्यांच्यापासून काढून घेतला होता.

परतताना जीपमध्ये अक्षर निघालं नाही. बीदर जवळ आल्यावर बाई म्हणाल्या, "अब्दुलभाई, गाडी कमठाण्याला घ्या. अव्वाला इचारते."

अव्वा, म्हणजे बाईंची आई, धाकट्या मुलाकडे राहायच्या. संध्याकाळची वेळ, ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. खूप म्हाताऱ्या, पण कान शाबूत. बाई चपला न काढताच समोर उभ्या राहिल्या.

"अव्वा, जत्रेतला झेब्रा गाढव होतं. तुला माहीत होतं का?"

अव्वांनी लसणाची पाकळी सुपात टाकली. "मला माहीत न्हाई व्हय? तुझ्या झग्याला काळं लागलेलं कोण धुतलं? घासून घासून माझे हात गेले."

"आन् अप्पाला?"

"त्याला माहीत न्हाई तर कुणाला? त्यानंच रंगवलेला की."

मठपती सर ऐकायला ओट्यावर येऊन बसले.

मग अव्वांनी सगळं सांगितलं, कणकेचं प्रमाण सांगावं तितक्या सहज. तंबूवाल्यानं अप्पांना पाटी रंगवायला बोलावलं होतं. पाटीवर झेब्रा लिहून झाला, पण तंबूत झेब्रा नव्हता, वाटेत कुठेतरी मेला होता. तंबूवाला म्हणाला, आता जनावर बी तूच रंगव. कुंभाराकडचं पांढरं गाढव आणलं. दिव्याची काजळी तेलात कालवली. अप्पांनी स्वतः झेब्रा कधी बघितलेला नव्हता. म्हणून पोरीच्या दप्तरातलं चित्रांचं पुस्तक नेलं, चित्र समोर ठेवलं आणि पट्ट्याला पट्टा रंगवला.

"पुस्तकात एकच बाजू होती," अव्वा म्हणाल्या. "मागच्या बाजूला काय असतंय ते त्याला काय ठाऊक? म्हणला, जे बघितलं न्हाई ते मी कसं काढू? तसंच कनातीला लावून बांधले."

सगळ्यात आधी अब्दुलभाईंना हसू फुटलं. मग मला. मठपती सर तर डोळे पुसायला लागले. बाई मात्र अजून हसल्या नव्हत्या.

"आन् मजुरी काय घेतले?"

"कशाची मजुरी. म्हणला, माझ्या पोरीला फुकट आत सोडा, आन् पुढं उभी करा. घरी येऊन मला म्हणला, तू तिला सांगू नको. पोर लई खूश झालीय."

बाई आईशेजारी खाली बसल्या. सुपातला लसूण घेऊन सोलायला लागल्या. सोलता सोलता त्यांचे खांदे हलायला लागले, आणि हसतायत की रडतायत हे मला कळेना. दोन्ही असावं. "एकाच अंगाला!" त्या मधेच म्हणायच्या आणि पुन्हा सुरू. अव्वा वैतागल्या. "लसूण नीट सोल. साल राहायलीय."

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात उभं राहून सांगितलं, झेब्र्याला दोन्ही अंगाला पट्टे असतात, मी चूक शिकवले. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. जुने विद्यार्थी जिथं भेटतील तिथं त्या जीप थांबवायला लागल्या. एकदा म्हशी घेऊन चाललेल्या चांगल्या दाढीमिश्यावाल्या माणसाला थांबवून म्हणाल्या, "सिद्राम, झेब्र्याला दोन्हीकडं पट्टे असतात बघ. मी तुला एकाच अंगाला म्हणून शिकवलेते."

सिद्रामनं डोकं खाजवलं. "असू द्या की बाई. मला अजून कामच पडलं न्हाई त्याचं."

निवृत्तीनंतर बाई मुलाकडे बेंगळूरला जाणार होत्या. त्याआधी थोडे दिवस कमठाण्याला राहिल्या. तेव्हाच कारहुणवी आली. हा आमच्याकडचा बैलांचा सण. बैलांना धुऊन, रंगवून, झुली घालून मिरवतात. बाईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. अब्दुलभाईंना लग्नाचं भाडं होतं, म्हणून मठपती सर आणि मी दोघंच बसनं गेलो.

भावाचे बैल रंगून तयार होते. बाई मात्र गोठ्यात एका कोपऱ्यात, पदर खोचून, चष्मा नाकावर आणून बसल्या होत्या. समोर एक पांढरं वासरू. त्याच्या एका अंगावर मानेपासून मांडीपर्यंत काळे पट्टे ओढून झाले होते. वाटीत काजळी कालवलेली होती. आम्हाला बघून त्या जरा लाजल्या. मग वासरू फिरवून त्याचं दुसरं अंग आपल्याकडे घेतलं.

"अप्पाला ही बाजू माहीत न्हवती," म्हणाल्या. "मला माहीत हाय." आणि कुंचला बुडवून रंगवायला लागल्या. पट्टे वाकडे येत होते, वासरू अंग चोरत होतं, बाई त्याला "थांब की रे बाबा" म्हणत होत्या. मठपती सरांनी न सांगता वासराचे कान धरले.

रंगवून झाल्यावर बाईंनी हात पुसले आणि अंगणातून नातीला बोलावून आणलं. भावाची नात, नुकतीच बोलायला लागलेली. गुडघे दुखत असूनही बाईंनी तिला खांद्यावर घेतलं आणि गोठ्याच्या दारात उभ्या राहिल्या.

"बघ. हे कोण हाय?"

पोरगी डोळे मोठे करून बघत राहिली.

"झेब्रा," बाई म्हणाल्या. एकदम ठाम, वर्गातल्या आवाजात.

पोरीनं आमच्याकडे मान वळवली. "खराच?"

प्रश्न मठपती सरांवर आला. इतकी वर्षं ह्या बाईसमोर धड एक थाप पचली नव्हती त्यांची. त्यांनी भीत भीत बाईंकडे बघितलं. मग वासराचे कान सोडून सरळ उभे राहिले.

"खराच की बाळा," ते म्हणाले. "मी हैदराबादला बघितलोय. अस्साच असतोय."

मी बाईंकडे बघत होते. त्यांनी सरांना दुरुस्त केलं नाही.